शिंपीणबाईची बटणं

आमच्या नाटकमंडळीच्या जुन्या तालमीच्या खोलीत आता बायकांचा शिवणवर्ग भरतो. एके काळी माझे राजाचे झगे शिवणारी शिंपीणबाई तिथे शिकवते. तिची जीभ कात्रीहून धारदार, म्हणून मी रोज मागच्या बाकावर जाऊन फुकटात ऐकतो.

एकदा वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या ताई आल्या. वर्गामुळे काय बदललं, हे म्हणे बायकांनीच सांगायचं. ताईंनी खडूने जमिनीवर दोन वर्तुळं काढली, एक 'आधी'चं, एक 'आता'चं, आणि प्रत्येकीला ओंजळभर बटणं दिली. घरात सुख जेव्हा जास्त, त्या वर्तुळात जास्त बटणं ठेवायची. सगळ्यांनी ओंजळी 'आता'त रिकाम्या केल्या. शिंपीणबाईने मात्र सगळी बटणं 'आधी'त ओतली.

"अगं बये, वर्ग बंद पाडतेस की काय!" तिची शेजारीण किंचाळली.

"मग खोटं बोलू? इथला पगार सुरू झाला आणि आमच्या ह्यांनी काम सोडलं. दिवसभर लोळतात, वर विचारतात, चहा झाला का?"

हशा पिकला. हसता हसता आणखी दोघींनी आपलीही बटणं हळूच 'आधी'कडे सरकवली.

"मग करायचं काय?" ताई गोंधळल्या.

"ह्यांनाही वर्गात घ्या. काजं करायला मी बसवते."

ताईंनी ऐकलं, आणि वर्गही टिकला. पुढच्या वर्षी पुन्हा वर्तुळं निघाली, तेव्हा टोचलेली बोटं चोखत नवरोबाही बसले होते. त्यांनी सगळी बटणं 'आधी'त ओतली, शिंपीणबाईने सगळी 'आता'त.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. इतका रंगलेला प्रवेश आमच्या मंडळीला कधी जमला नव्हता.