पूर्ण माहिती मिळाली

माझे दाजी सुरतेत, पांडेसराच्या एका डाइंग मिलमध्ये मशीन चालवायचे. कापड रंगवायचं मशीन, सतत वाफेवर. एका दुपारी वाफेची लाइन फुटली आणि ते गेले. मिलच्या मॅनेजरनं आक्काला सांगितलं, ‘‘जागेवरच गेले. त्रास झाला नाही.’’ आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं ते धरून ठेवलं. तेराव्याला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. मग दाजींच्या खात्यातला एक ओडिया कामगार भेटायला आला. दारातच उभा राहिला, आत येईना. जाताना म्हणाला, ‘‘भाभी, बहुत देर तक होश में थे.’’ दुसऱ्या दिवशी तो गावी निघून गेला. परत आलाच नाही.

आक्काला तेवढंच हवं होतं. लगेच गेले की नाही? मिलवर खटला नको, कोणाला शिक्षा नको. ‘‘माले इतलंच जाणनं शे,’’ ती म्हणायची. अपघाताची चौकशी सरकारी कचेरीनं केली होती, म्हणजे तिथे लिहिलेलं असणार. मी लहानपणीच आक्काच्या मागोमाग सुरतेला आले, गुजराती शाळेत शिकले, मार्केटमधल्या साडीच्या दुकानात बिलं बनवते. आक्का लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आली, तिला गुजराती बोललेलं थोडं कळतं, वाचता अजिबात येत नाही. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज मीच लिहिला आणि आम्ही दोघी तो द्यायला गेलो.

त्या कचेरीतला माहिती अधिकारी पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. केस चापून बसवलेले, टेबलावर एक कागद वाकडा नाही. कधी आवाज चढवला नाही त्यानं. आम्ही आपसांत मराठीत बोलायचो, तो गुजरातीत. अर्ज बघून म्हणाला, ‘‘बेन, आमां थर्ड पार्टीने पूछवुं पडे.’’ थर्ड पार्टी म्हणजे मिल, तिला विचारावं लागणार. नियमच तसा आहे, असं म्हणून त्यानं आक्काच्या अर्जाची प्रत, नावपत्त्यासकट, मिलला पाठवून दिली.

आक्काचा दीर त्याच मिलमध्ये होता. पुढच्याच आठवड्यात त्याला गेटवरूनच परत पाठवलं. कारण विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, ‘‘तुझ्या वहिनीला विचार, ती कायद्यावाली आहे.’’ त्या संध्याकाळी आक्काच्या सासूनं तिची ट्रंक ओट्यावर आणून ठेवली. ‘‘एक पोऱ्या त गया,’’ ती म्हणाली, ‘‘तू दुसराना पोटवर पाय दिधा.’’ आक्का उधन्याला माझ्या खोलीत राहायला आली.

मिलनं हरकत घेतली, अधिकाऱ्यानं माहिती नाकारली. वैयक्तिक माहिती आहे, असं उत्तर. आम्ही त्याच्या साहेबाकडे अपील केलं. साहेब त्याच मजल्यावर, शेजारच्या खोलीत. सुनावणीला मिलचा मॅनेजरही होता, आणि त्याच्यासाठी आधीच खुर्ची मांडलेली होती.

‘‘कोणाची वैयक्तिक माहिती?’’ मी विचारलं.

‘‘मरण पावलेल्याची,’’ साहेब गुजरातीत म्हणाले.

‘‘ही त्यांची बायको आहे.’’

‘‘तेच सांगतोय. त्यांची खाजगी बाब बायकोनं तरी अशी चव्हाट्यावर आणू नये.’’

मॅनेजर मान हलवत राहिला. आक्काला सगळं कळलं नाही, पण ती हात जोडून उभी राहिली, आणि बराच वेळ तिला कोणी बस म्हणालं नाही.

दुसरं अपील माहिती आयोगाकडे. कितीतरी महिने गेले. मग एकदाचं बोलावणं आलं. सुरतेतच एका सरकारी खोलीत पडद्यासमोर बसायचं, आयुक्त गांधीनगरहून बोलणार. पडद्यावरच्या बाईंनी आमचं ऐकून घेतलं आणि त्या अधिकाऱ्याला असं झापलं की त्याचे कान लाल झाले. ‘‘पतीचा मृत्यू कसा झाला हे पत्नीला सांगायला तुम्हाला लाज वाटते? पूर्ण माहिती द्या. एक ओळ झाकायची नाही.’’ आक्का बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. रिक्षात म्हणाली, ‘‘देवमाणूस शे ती बाई.’’

थोड्याच दिवसांनी अधिकाऱ्यानं आम्हाला बोलावलं. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. चौकशीच्या अहवालाची प्रत पुढे ठेवली आणि पोचपावतीवर बोट ठेवलं. पूर्ण माहिती मिळाली, खाली सही.

आक्का म्हणाली, ‘‘आधी वाच, मंग मी सही करसू.’’

मी मनात वाचायला लागले. दाजी भाजल्यावर शुद्धीवर होते. त्यांना वॉचमनच्या केबिनजवळ आणून झोपवलं होतं. मॅनेजर जेवायला गेला होता, तो येईपर्यंत अँब्युलन्स बोलवायची नाही असं ठरलं. दाजी घरी फोन लावा म्हणत होते. एकानं लावायला घेतला, तर सुपरवायझरनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. आक्का तेव्हा घरीच होती. मिलपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मी कागद उलटा ठेवला. ‘‘तेच लिहेल शे,’’ मी म्हणाले. ‘‘लगेच गयात.’’

आक्कानं डोळे मिटून श्वास सोडला. पेन उचललं.

‘‘नाही, ताई,’’ अधिकारी म्हणाला. ‘‘तसं नाही लिहिलेलं.’’

स्वच्छ मराठी. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो. इतके महिने आम्ही त्याच्यासमोर बोललेलं सगळं त्याला कळत होतं.

‘‘माझं बालपण नवापूरला गेलं,’’ तो म्हणाला. ‘‘आयोगाचा आदेश आहे, एक ओळ झाकायची नाही. उद्या तुम्हीच म्हणाल अर्धवट माहिती दिली.’’

‘‘साहेब, राहू द्या,’’ मी म्हणाले. ‘‘आम्ही घरी वाचू.’’

‘‘त्यांना सही करण्याआधी ऐकायचं आहे. त्यांचा हक्क आहे.’’

त्यानं प्रत उचलली आणि मराठीत सांगायला सुरुवात केली. शांतपणे, शब्द न् शब्द. शेजारच्या टेबलांवरचे कारकून काम थांबवून ऐकू लागले. मी आक्काचा हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतला. फोनचा भाग आला तेव्हा तो थांबला. मला वाटलं, याला दया आली. त्यानं फक्त पान उलटलं. पुढे शवविच्छेदनाचं होतं. तेही त्यानं सांगितलं. कातडीचं, तोंडाचं, सगळं.

शेवटी विचारलं, ‘‘काही राहिलं का?’’

आक्कानं मान हलवली आणि सही केली. तिची सही नेहमी वेडीवाकडी येते, त्या दिवशी सरळ आली. त्यानं प्रत पाकिटात घालून दिली आणि म्हणाला, ‘‘त्या मॅडमना कळवा हं, आदेशाचं पालन झालं म्हणून.’’

जिन्यावर मी म्हणाले, ‘‘आक्का, मी तुझ्यासाठीच...’’

‘‘तू बी मन्हापाईन दपाडी राहिंती,’’ ती म्हणाली. तूसुद्धा लपवत होतीस. 

मिल चालूच आहे. दिराला दुसरीकडे काम लागलं, पण सासूनं आक्काला परत बोलावलं नाही. आक्का अजून माझ्याच खोलीत राहते, साड्यांना टिकल्या लावते. माझ्याशी भाजी काय करायची एवढंच बोलते. अनोळखी नंबरचा फोन आला तरी पहिल्याच रिंगला उचलते आणि कर्ज विकणाऱ्यांचंसुद्धा शेवटपर्यंत ऐकून घेते. दुपारी, मी दुकानात असताना, ती शेजारणीच्या लेकीकडून गुजराती वाचायला शिकते. मला ते शेजारणीकडून कळलं.