भिंतीचा होकार

भिंतीचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच, आणि तो म्हणजे आमचे रंगारीकाका. लालबागहून ते फणसवाडीतल्या आमच्या चाळीत यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि घरातल्या माणसांकडे ढुंकूनही न बघता थेट भिंतीची विचारपूस करायचे. आधी टकटक, मग डोळे मिटून तळहात फिरवणं, शेवटी दिवसाढवळ्या टॉर्च तिरका धरून पाहणं. आपण रंगाचं कार्ड पुढे करावं, तर ते बाजूला सारायचे. "रंग काय, कोण पण लावीत. आधी भिंतीन होय म्हणूक व्हया." मग खरवडणं, पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. आठवडाभर आमच्या वरणभातात भुकटी कचकचायची.

खोड कामापुरती असती तर ठीक. माझ्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि मागच्या भिंतीवर हात फिरवत राहिले. अल्बममध्ये आम्ही नवराबायको हसतोय आणि शेजारी काकांची पाठ आहे. उतरताना हळूच म्हणाले, "हॉल बरो, पण प्रायमर मारूक नाय."

गेल्या वर्षी आमची चाळ पाडायचं ठरलं. दिवाळीनंतर खोली सोडायची होती. जन्मभर तिथे संसार केलेल्या आईचा एकच हट्ट होता, शेवटची दिवाळी रंगवलेल्या घरात व्हावी. हाताशी जेमतेम आठवडा होता. मी काकांना म्हटलं, "वरवर एक हात मारा. नाहीतरी पाडणारच आहेत." काका भडकलेच. "भिंतीक काय ठावक, तिका पाडतले ता?" आणि खरवडायला बसले. वसुबारस गेली तरी भिंत होय म्हणेना. धनत्रयोदशीच्या सकाळी आईचा धीर सुटला. "अहो भाऊ, माझी दिवाळी पुट्टीतच जाणार का?" काका घासता घासता म्हणाले, "वैनी, दिवे लागाच्या आत." आणि खरोखर दिवे लागायच्या आत शेवटचा हात मारून झाला. फिकट पिवळ्या भिंतीवर पणतीचा उजेड कुठेही न अडखळता पसरला. आई नुसती बघत राहिली.

खोली सोडायच्या दिवशी काका सामान उतरवायला आले. आई देवांची पिशवी घेऊन बाहेर पडली, चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि आत जाऊन डोळे मिटून भिंतीवर तळहात फिरवत उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "भिंत नाही म्हणतेय हो."

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच भिंतीचं ऐकलं नाही. आईच्या हातातली पिशवी अलगद घेतली आणि जिन्याकडे वळले.