भोपळ्याची उघडी फुलं

गोंडपिपरीची शगुफ्ता जंगलातल्या कमी होत चाललेल्या किड्यांवर संशोधन करत होती. एटापल्लीकडच्या एका गावात, बुधरीबाईच्या परसातल्या भोपळ्याच्या अर्ध्या मादी फुलांना तिने जाळीच्या पिशव्या बांधल्या, अर्धी उघडी ठेवली. उघड्यांवर किडे येतील, तिथेच फळ धरेल, असा हिशेब.

रोज फुलं मिटेपर्यंत ती वेलाशी एकटीच बसे. भुंगा नाही की माशी नाही. उघड्या फुलांखालचे इवल्या फळांचे गोळेही पिवळे पडून गळाले.

"झाकलं नाई त्याईले तरी कोन भेटाले आलं, बाई?" बुधरीबाई म्हणाली.

पावसाळा सरत आला होता, शगुफ्ताकडेही घरचं कुणी फिरकलं नव्हतं.

शेवटच्या उघड्या फुलाला तिने नरफूल तोडून स्वतःच्या हाताने पराग लावले. प्रयोग नासला तर नासो. एका फुलाकडे तरी कुणी गेलं.