साडूभाऊंची दिवसपाळी

बेकारांना नवं काम शिकवण्यासाठी सरकारनं आजवर जो पैसा ओतला, त्याचं कुणी खरोखर सोनं केलं असेल तर ते माझ्या थोरल्या साडूंनी. काम मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी. पण कोल्हापुरातल्या प्रशिक्षण केंद्रात ते इतकं शिकले, की शिकवणारे बदलले तरी साडूभाऊंचा बाक बदलला नाही.

त्यांची उभी हयात कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेली. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, म्हणून त्यांचा आवाज कायमचा तसाच राहिला. ते आमच्या घरी 'च्या ठेवा' म्हणाले, की शेजारच्या बाईसुद्धा आधण ठेवत. "दाजी, हळू बोला की, पोरगी अभ्यास करतीय," असं माझी बायको प्रत्येक वेळी सांगे. "हळूच बोलतोय की!" हे उत्तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही पाठ झालं होतं.

मालकानं जुने माग भंगारात काढले, किलोवर मोजून ट्रकमध्ये घातले. ते बघून आल्यावर साडूभाऊ मला म्हणाले, "पावणं, घरात बसलो तर मलाबी असंच काट्यावर घालतील." त्यांना भीती होती ती एवढीच. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं आणि पाचला परतायचं, हे सुटता कामा नये. सरकारच्या फुकट अभ्यासक्रमांची जाहिरात त्याच आठवड्यात आली.

पहिला होता मोबाइल दुरुस्तीचा. बंद पडलेला फोन ते कानाला लावून बराच वेळ बसत. शेवटी सरांनाच म्हणाले, "मशीन आवाजच करत न्हाय, मग दुखणं कुठं हाय ते कळायचं कसं?" मग फोनवर गोड बोलण्याचं शिक्षण झालं. त्यात त्यांनी 'नमस्कार, आपली काय सेवा करू?' असं विचारलं, तेव्हा फोनची गरज कुणालाच वाटली नाही. ब्यूटी पार्लरच्या वर्गाला एक डोकं कमी पडत होतं आणि बाक भरल्याशिवाय केंद्राला अनुदान मिळत नव्हतं, म्हणून तिथंही साडूभाऊंनाच बसवलं. बाईंनी भुवया कोरायला दोरा दिला. तो मध्येच तुटला. साडूभाऊंनी हयातभराच्या सवयीनं चिमटीत धरून टक्कन गाठ मारली आणि काम पुढं चालू ठेवलं. गाठ भुवईत अडकली. खुर्चीतली मुलगी किंचाळली, पण ज्यानं मागांच्या शेडमध्ये निवांत जेवण केलंय त्याला किंकाळी ती काय ऐकू येणार! वर बाईंनाच समजावलं, "तुटलेला धागा टाकून देत्यात व्हय? जोडायचा असतोय."

प्रमाणपत्रं भिंतीवर मावेनात, तेव्हा मेव्हणीनं देवांना खालच्या फळीवर आणलं. तिला नवऱ्याचं कौतुक होतं. ती रोज डबा भरून देई आणि आल्यागेल्याला सांगे, "आमच्यांची दिवसपाळी असतीया कोल्हापूरला."

गेल्या महिन्यात अनुदान आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. त्या दिवशी साडूभाऊ सकाळीच आमच्याकडं आले. डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि काहीतरी बोलले. मला ऐकूच आलं नाही. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

"दाजी, जरा मोठ्यानं बोला की," ती म्हणाली.

"तुमच्या अक्काला अजून सांगितलेलं न्हाय," ते म्हणाले. "पाचला जातो. तवर हितं बसून डबा खाल्ला तर चालंल न्हवं?"

बायको पदर खोचत म्हणाली, "बसून कसं चालंल? आमचा मिक्सर बिघडलाय, तो कोण बघणार?"

मिक्सर ठणठणीत होता. सकाळीच त्यात चटणी झाली होती. साडूभाऊंनी डबा बाजूला ठेवला, बाह्या वर केल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आवाज कसा येतोय त्याचा?"

पोरगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिनं मुकाट्यानं दार लोटून घेतलं. त्या दिवशी घरातलं कुणीच त्यांना हळू बोला म्हणालं नाही.