एजन्सी, वाघ आणि राजीनामा

माझ्या मेहुण्यानं मला दंतमंजनाची एजन्सी विकली, पण वाघ दिला नाही.

वाघ म्हणजे खरा नव्हे. (बैहरच्या जंगलात खरे पुष्कळ होते, आणि ते न मागता भेटायचे!) हा कापडी वाघ. काळे-पिवळे पट्टे, कापसाची शेपूट आणि कागदाच्या लगद्याचं तोंड. मंजनाचं नाव 'व्याघ्रगर्जना'. भर बाजारात वाघ डरकाळी फोडायचा, माणसं जमायची, मग वाघ स्वतःचे दात घासून दाखवायचा आणि डब्या खपायच्या. वाघाच्या आत माझा मेहुणा वसंता असायचा.

एजन्सी मी बायकोच्या, म्हणजे सिंधूच्या नावावर घेतली. मी बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत कारकून, आणि सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. (परवानगी नसते आणि अक्कलही नसते!) कागद आम्हीच लिहिला : 'बालाघाटची एजन्सी आजपासून सिंधूताईची.' खाली वसंताची सही, वर पेढे. संपला कायदा!

पुढच्याच रविवारी कानावर आलं, लांजीच्या बाजारात वाघ डरकाळ्या फोडतो आहे. मी बस पकडून लांजी गाठली. वाघ दात घासत होता.

"वसंता! एजन्सी विकली ना तू?"

"हौ जीजाजी," वाघ फेस थुंकून म्हणाला. "बालाघाटची विकली. हे लांजी होय."

"अबे, लांजी बालाघाट जिल्ह्यातच येते!"

"कागदावर जिल्हा कुठं लिवला हाये?"

"मंग वाघ तरी दे!"

"कागदावर वाघ कुठं लिवला हाये?"

भोवतीच्या गर्दीला हा नवा खेळ वाटला. तिनं टाळ्या पिटल्या आणि वसंताच्या डब्या हातोहात गेल्या!

घरी सिंधूनं बजावलं, "अवो, माह्या भावावर केस केली त मी माहेरी जाईन. आन् माह्या नावाची एजन्सी बुडवली, तरी जाईन!"

मी गुपचूप तिवारी वकिलांकडे गेलो. त्यांनी आमचा कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"इसमें इलाका कहाँ है? बेचनेवाला आगे यही माल नहीं बेचेगा, वो शर्त कहाँ है? कंपनी की मंजूरी ली?"

"कंपनीले काहून विचारायचं, वकीलसाहेब? साळा घरचा हाये!"

"और ये शेर किसका है?"

"शेर नाही जी, वाघ."

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नौकरी सरकारी है न? तो मेरी मानो, कोर्ट मत जाओ, बात ऊपर तक पहुँचेगी. चुपचाप राजीनामा कर लो. इज्जत बचेगी, घर में शांति भी रहेगी."

राजीनामा! एका कापडी वाघापायी पेन्शनीची नोकरी सोडायची?

सिंधू ऐकून रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "वकील म्हन्ते म्हंजे कायदाच असंल." आणि तिनं भावाला निरोप धाडला.

आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून आमचे अर्ज हिंदीत असत. मी लिहिलं : 'महोदय, मैं अपनी खुशी से राजीनामा दे रहा हूँ. कृपया मंजूर करें.' (माझं हिंदी तेवढंच होतं.)

साहेबांनी वाचलं आणि खुर्चीतून उठले. "शाबाश! कब से इसी की राह देख रहा था! बड़े बाबू को बुलाओ!"

माझ्या जाण्याचा इतका आनंद?

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क धोटे, मूळचे भंडाऱ्याचे. आमचं खिडकीवरून वैर होतं. मी उघडायचो, ते लावायचे. बोलणं केव्हाच बंद झालेलं.

"धोटेजी, इन्होंने राजीनामा दे दिया. मैं मंजूर कर रहा हूँ."

धोटे पांढरेफटक पडले. "खिडकीपायी नोकरी सोडून राह्यला तू? लेकरंबाळं हायेत ना बे तुले!" आणि मला मिठी मारून रडू लागले. मीही रडू लागलो. आम्हाला पाहून साहेबांचेही डोळे भरून आले. त्यांनी गहिवरून पेन उचललं.

"साहब, मंजूर मत करो!" धोटे किंचाळले.

"क्यों? सुलह नहीं करनी?"

"सुलह?"

"अरे, राजीनामा मतलब सुलह! समझौता! और क्या?"

आमचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी चाचरत विचारलं, "और साहब... नौकरी छोड़ने को क्या बोलते?"

"त्यागपत्र."

(मला वाटायचं, ते संन्यासी लोक लिहितात!)

साहेबांची नजर बारीक झाली. "तो आपने ये क्या दिया है?"

"सुलह!" धोटे आणि मी एका सुरात ओरडलो.

राजीनामा मंजूर झाला. चहा आला. तहाच्या अटी साहेबांनीच घातल्या : खिडकी बडे बाबूंच्या मर्जीनं उघडेल. मी खुशीनं मान हलवली. नोकरी वाचली होती, हवेचं काय एवढं!

घरी आलो तर वसंता ओसरीवर वाघाला मांडीवर घेऊन मुसमुसत होता. "जीजाजी, ताई म्हने तुमी माह्यापायी नोकरी सोडली! घ्या, वाघ घ्या!"

नोकरी शाबूत आहे हे मी त्याला लगेच सांगितलं नाही. आधी वाघ ताब्यात घेतला. मग तिवारी वकिलांकडे जाऊन आम्ही तिसऱ्या अर्थाची शक्यता न ठेवता खरा राजीनामा केला. कंपनीची मंजुरी आली. इलाका सबंध जिल्हा. एजन्सी बहीण-भावाची, निम्मी-निम्मी. आणि मी एवढा भांडलो म्हणून वाघ माझा. कागदावर तसं स्वच्छ लिहिलं आहे.

वाघ माझा, म्हणजे वाघाच्या आत मी! हे मला सही केल्यावर उमगलं.

एकदा रविवारी साहेब दौऱ्यावर लांजीला आले आणि बाजारात माझ्यापुढेच उभे राहिले. मी दात घासून दाखवले. साहेब खूश झाले, डबी घेतली आणि माझ्या डोक्यावर थोपटून वसंताला म्हणाले, "शेर बढ़िया है!"

'शेर नाही साहेब, वाघ,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी पडलो सरकारी नोकर. नुसता गुरगुरलो, तेही हळूच.