शोकेसमधला स्पीकर

लातूरच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. विजेचा धडा शिकवून शिकवून घसा कोरडा झालाय. पण नांदेडला सासरी गेले की माझे दीर मला टीव्हीच्या मागे हात घालू देत नाहीत. "वहिनी, ऱ्हाऊ द्या, करंट बसंल." हे ऐकलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

होम थिएटर त्यांनीच आणलं आणि त्यांनीच जोडलं. पाच स्पीकर आणि एक वूफर. पहिल्या दिवशी शेजारपाजार बोलावून मारामारीचा सिनेमा लावला. खिडक्या थरथरल्या, मंडळी खूश. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "नुसतं ढणाढणा वाजून राहिलंय. माणसं काय बोलून राहिलीत ते कळतच न्हाई."

आम्ही सगळे हसलो. "आईचे कान गेले," असा निकाल दीरांनी तिथल्या तिथे दिला, आणि दोन वर्षं तोच चालला. कुणी डॉक्टरकडे नेलं? छे! कानात कोमट तेल घातलं, संपली जबाबदारी. दीरांना क्रिकेट आणि हाणामाऱ्या बघायच्या, त्यांना कुणाचं बोलणं हवंय कशाला? मालिका लागली की सासूबाई टीव्हीजवळ सरकायच्या आणि वूफरच्या दणक्याने मागे यायच्या. पुढे त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं.

आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलो. त्या दचकायच्या, गप्प बसायच्या. बघा, ऐकूच येत नाही, असं आम्ही म्हणायचो. मग ओरडायचाही कंटाळा आला. सासरे गेल्यापासून त्यांना लातूरला आमच्याकडे राहायला यायचं होतं. ते बोलणंही बारगळलं. बहिऱ्या माणसाला नव्या घरात कसं सांभाळायचं, एवढं कारण आम्हाला पुरलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला मी शोकेस पुसायला घेतलं. मधल्या कप्प्यात, दोन पितळी हत्तींच्या मध्ये, एक लांबट स्पीकर दिमाखात बसलेला. प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्यावर दसऱ्याचं हळदीकुंकू, वाळलेलं झेंडूचं फूल. उचलून बघते तर मागे वायरच नाही.

"भावजी, हा जोडलेला का नाही?"

"त्यो व्हय? त्याची वायर पुरत नव्हती. दिसायला भारी हाय म्हणून ठिवला शोकेसात. बाकीचे वाजतेत की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. टीव्हीतली माणसं जे बोलतात, ते मुख्यतः त्याच मधल्या स्पीकरमधून येतं. खोक्यावर चित्र काढून दाखवलेलं होतं. खोकं माळ्यावर, आणि घरात दोन पदवीधर भाऊ! दोन दसरे त्या स्पीकरची पूजा झाली, पण त्याला वायर लावायचं कुणाला सुचलं नाही. मला जे तोंडाला येईल ते मी दीरांना बोलले. नवरा "जाऊ दे गं" म्हणाला, तर त्यालाही सोडलं नाही.

बाजारात जाऊन लांब वायर आणली. दीर करंटचं बोलायला लागले. "बसू द्या बसला तर!" म्हटलं आणि टीव्हीच्या मागे शिरले. दहा मिनिटांचं काम होतं. स्पीकर टीव्हीखाली ठेवला, आवाज बेताचा केला आणि सासूबाईंची मालिका लावली. शब्द न शब्द स्वच्छ येत होता. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मालिकेतली सासू काहीतरी म्हणाली, तशा त्या हसल्या.

मी दीरांकडे वळले. "बघा! म्हणे कान गेले! गेले होते का यांचे कान?"

"माझे कान कवाच गेले न्हवते, बाई," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मागल्या दिवाळीला हितंच बसून तू म्हणलीस, यांना लातूरला नेलं तर यांचं करणार कोण. तेबी आयकू आलतं मला."

इतका वेळ मी ज्यांच्या बाजूने भांडत होते, त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होईना. कसंबसं विचारलं, "आई, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की पयल्याच दिवशी. समदे हसलात. तूबी हसलीस."