टेकाडाला घातलेल्या फेऱ्या

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका सभागृहात मी तो माहितीपट पाहिला. आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखे बंद केले होते, त्यामुळे सेवाभावाचं दर्शन सगळ्यांनी घामाघूम होऊन घेतलं. निवेदन इंग्रजीत होतं. निवेदकाचा आवाज असा, की त्यानं बटाट्याचे भाव सांगितले असते तरी लोक आदरानं उभे राहिले असते. मधोमध एक दृश्य होतं: उन्हात न्हालेली डोंगराची वाट, चार धनगर, त्यांच्या खांद्यावर घोंगडीची डोली, आणि ती घ्यायला पुढे सरसावणारे एक स्थूल, प्रेमळ गृहस्थ. दृश्य खरोखर सुंदर होतं. टाळ्या पडल्या. डोलीतली बाई तोवर मरून चार महिने झाले होते.

माहितीपट कॅथलिक गृहस्थांच्या एका बंधुसंघाच्या सेवाकार्याविषयी होता. हे पाद्री नव्हेत, संसारी लोक. कुणी रेल्वेत कारकून, कुणी शिंपी. डोली घेणारे प्रमुख हे बेकरीवाले. एकमेकांना बंधू म्हणत, वर्षातून एकदा खांद्यावरून झालरीचे पट्टे घालून मिरवत, आणि त्यांच्या पदांची नावं इतकी भारदस्त होती की सरदार-दरकदारांनी लाजावं. मला अशा गोष्टींचं पहिल्यापासून हसू येतं. पण हेच लोक दर रविवारी सकाळची प्रार्थना उरकून एक जुनी स्टेशन वॅगन घेऊन पिरंगुट, पौड करत मुळशीच्या तळ्यापर्यंत येत, आमच्या शाळेजवळच्या पत्र्याच्या खोलीत दवाखाना चालवत, दुधाची भुकटी वाटत आणि येशूबद्दल अवाक्षर न काढता संध्याकाळी परत जात. त्याचं मात्र हसू येत नसे.

मी तिथल्या एकशिक्षकी शाळेवर मास्तर होतो. बंधूंचं मराठी गोव्याकडून आलेलं, धनगरांचं डोंगरमाथ्याच्या सड्यावरून उतरलेलं. दोन्हींची गाठ पडेना, म्हणून रविवारी मी मधे उभा राही.

बाहेरून मदत मिळवायची तर काम दाखवावं लागतं, असं कुणीतरी त्यांना पटवलं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून एक दिग्दर्शक आला. त्यानं सरकारसाठी खतांवर आणि कालव्यांवर माहितीपट केले होते. माणसांशी तो त्याच सवयीनं वागत असे. वाईट नव्हता, पण माणसंही वळवली की वळतात असा त्याचा अनुभव असावा.

त्या रविवारी वरच्या धनगरवाड्यावरून डोली येणार असल्याचा निरोप सकाळीच आला होता. बाळंत होऊन आठवडा झालेली बाई, ताप उतरत नव्हता. दवाखान्यात दाखवून वॅगननं पुण्याच्या इस्पितळात न्यायची, एवढंच ठरलं होतं. दिग्दर्शकानं दवाखान्याच्या वरच्या अंगाला, जिथं वाट एका टेकाडापाशी फुटते, तिथं कॅमेरा लावला. बंधूंबरोबर पुण्याहून येणारे डॉक्टर खाली खोलीत होते. तिथून ती जागा दिसत नसे.

डोली आली. बेकरीवाले पट्टा घालून उभे होते. रविवारी एरवी ते शर्टाच्या बाह्या दुमडून काम करत, पण पट्टा हवा असं ठरलं होतं. पहिल्या खेपेला पुढच्या भोयानं नेमकं कॅमेऱ्यात पाहिलं. दिग्दर्शकानं मला सांगितलं, यांना थोडं मागं जाऊन पुन्हा यायला सांगा.

मी सांगितलं. डोलीबरोबर बाईचा नवरा आणि त्याचा चुलता होता. चुलता म्हणाला, "गुर्जी, आजाऱ्याची डोली आल्या वाटंनं मागं फिरत न्हाई. मागं फिरतं ते मढं."

हे मी दिग्दर्शकाला समजावलं. त्याला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला. अस्सल काहीतरी हाती लागलं होतं. बेकरीवाल्यांनीही लगेच सांगितलं, की लोकांच्या रीतीला धक्का लावायचा नाही. पुढे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून, अत्यंत समंजसपणे ठरवलं. डोली मागं फिरणार नाही. ती दुसऱ्या फाट्यानं टेकाडाला वळसा घालून वर निघेल आणि पुन्हा खाली येईल. पाऊल सतत पुढेच पडेल. रीतही राहील, चित्रही मिळेल.

वळसा मोठा होता आणि ऊन चढलं होतं. बाईला ताप फार आहे, असं मी म्हणालो. दिग्दर्शक म्हणाला, पाचच मिनिटं. दुसऱ्या खेपेला बेकरीवाल्यांचा पट्टा खांद्यावरून घसरला. तिसऱ्या खेपेला मधे शेळ्या आल्या. मला आश्चर्य वाटत होतं ते नवऱ्याचं. त्यानं एकदाही हरकत घेतली नाही. उलट भोयांना तोच दटावत होता, हिसका देऊ नका म्हणून, आणि डोलीत तोंड घालून बायकोला काहीतरी सांगत होता. ती कण्हतही नव्हती. चौथ्या खेपेला सगळं मनासारखं झालं.

खाली डॉक्टरांनी घोंगडी बाजूला केली, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच वॅगनचं दार उघडलं. वॅगन लगेच निघाली. दुसऱ्या दिवशी बाई इस्पितळातच वारली. फेऱ्यांत गेलेला तो तास वाचला असता तर ती वाचली असती का, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते, त्यामुळे या वाक्यानं कुणाचंच समाधान झालं नाही.

प्रेताचं पुण्यातच उरकावं, असं इस्पितळातल्यांचं म्हणणं होतं. बेकरीवाल्यांनी ते ऐकलं नाही. दुकान बंद ठेवून त्यांनी स्वतः वॅगन चालवत तिला पायथ्यापर्यंत आणलं आणि वर चढताना अर्ध्या वाटेपर्यंत खांदा दिला. पुढे त्यांना दम लागला. तेव्हा कॅमेरा नव्हता, आणि पट्टाही नव्हता.

पंधरा दिवसांनी नवरा शाळेत आला. पोरं सुटेपर्यंत ओट्यावर बसून राहिला, मग म्हणाला, "गुर्जी, त्या फोटूत काय निगालं, तेवडं इचारून द्या."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. आदल्या साली पौडला छातीचा फोटो काढणारी गाडी आली होती. त्याच्या भावाला त्यात उभं केलं होतं. हलायचं नाही, श्वास धरायचा. भाऊ हलला म्हणून त्याचा फोटो पुन्हा काढला होता. आता इथंही पेटी, इथंही पुन्हा पुन्हा. "म्या तिला म्हनलं, कन्हू नगंस. हललीस तर फोटू बिगडंल, मंग दवाखान्यात घेनार न्हाईत. तिनं लई कळ काढली."

"आता काय हवंय तुला?" मी विचारलं.

"तिच्या अंगात काय हुतं ते फोटूत दिसलं आसंल. आई म्हनती बाहेरचं हुतं. काय का आसंना. पन तान्ह्या पोरीला त्येच हाय का, ते कळाया पायजे. पोरगी जित्ती हाय अजून."

रविवारी मी डॉक्टरांना सांगितलं. ते औषधाच्या खोक्यावर बसले. मग म्हणाले, बाळंतपणातला ताप होता, पोरीला त्याची भीती नाही. पण तिला घेऊन यायला सांगा.

पुढच्या रविवारी तो पोरीला घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. पोर किडकिडीत होती, पण ठीक होती. बाहेर आल्यावर मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तो फोटो रोगाचा नव्हता, त्यात काही निघायचंच नव्हतं.

त्यानं पोरीच्या तोंडावरची घोंगडी सारखी केली.

"मंग एवड्या बारी कशापायी काडला, गुर्जी?"

बेकरीवाले शेजारीच वॅगनमधून दुधाच्या भुकटीचे डबे उतरवत होते. एवढं मराठी त्यांना समजत होतं.